तारीख एक, बोलावणी तीन

वाचकांचे प्रश्न

या महिन्याच्या टपालात मॉडेलिंग आणि कॅमेऱ्यासमोरचे निवेदन ही कामे कोणाच्या नोकरीत न राहता स्वतंत्रपणे करणाऱ्या वाचकांची पत्रे बरीच आली. काम मिळते, पण तीन कामे एकाच तारखेवर येऊन आदळतात आणि मग पुढचे आठ दिवस रिकामे जातात, असा बहुतेकांचा सूर आहे. म्हणून हे सदर या वेळी याच विषयाला दिले आहे. पत्रे जागेअभावी संक्षिप्त केली असून नावे वाचकांच्या इच्छेनुसार गाळली आहेत.

प्रश्न : ताई, मी जालन्यात राहते. छत्रपती संभाजीनगरच्या साडीच्या दुकानांसाठी कॅटलॉग शूट करते, अधूनमधून जाहिरातीसाठी पुण्या-मुंबईला जाते, बियाणे कंपन्यांच्या व्हिडिओंत निवेदन करते आणि लग्नसराईत संगीत व स्वागत समारंभांचे सूत्रसंचालनही करते. "अमुक तारीख धरून ठेवा" असा फोन येतो, मी ती धरून ठेवते, दुसऱ्यांना नाही म्हणते आणि आदल्या संध्याकाळी पहिले काम रद्द होते. उलटही घडते. गेल्या हंगामात सकाळी पैठणला शूट आणि संध्याकाळी जालन्यात स्वागत समारंभ अशी दोन्ही कामे घेतली; शूट लांबले आणि मी कार्यालयात पोहोचले तेव्हा जेवणाच्या पंगती सुरू झाल्या होत्या. नकार दिला तर पुन्हा बोलावणार नाहीत, ही धास्ती सतत असते. नियोजन नेमके कसे करावे?
— एक वाचक, जालना

उत्तर : तुमचे निम्मे नुकसान फोनवरच होते. तारखेची विचारणा होणे, तारीख राखून ठेवणे आणि तारीख पक्की होणे या तीन वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. तुम्ही मात्र पहिल्या फोनलाच तिसऱ्या पायरीवर जाऊन उभ्या राहता. जाहिरात व्यवसायात राखून ठेवलेल्या तारखेला होल्ड म्हणतात आणि एकाच तारखेवर पहिला, दुसरा असे होल्ड असण्यात तिथे कोणालाही वावगे वाटत नाही. त्यामुळे दुसऱ्याचा फोन आल्यावर नकार देण्याची गरज नसते. त्या दिवशी आधी एकाचा होल्ड आहे, त्यांचे ठरले नाही तर तुमचा क्रमांक पहिला, एवढे सांगितले की पुरते. दुसऱ्याने आजच पक्के करतो असे म्हटले, तर पहिल्याला मुदत द्यावी : "तुमच्यासाठी १२ तारीख राखून ठेवली आहे. त्याच दिवसासाठी दुसरे काम पक्के होत आहे. उद्या दुपारी १२ पर्यंत आगाऊ रकमेसह कळवावे, अन्यथा तारीख मोकळी समजेन." हा मजकूर मोबाइलमध्ये तयार ठेवावा आणि लेखीच पाठवावा, कारण तोंडी बोलायला गेले की आपल्याकडे त्याचे "बघा ना दादा, जमतंय का तुमचं" असे होऊन जाते आणि मुदत तिथेच विरघळते.

पक्की तारीख म्हणजे लेखी तारीख. त्यासाठी वकिली करारनामा लागत नाही. ठिकाण, पोहोचण्याची वेळ, शिफ्ट किती तासांची, साड्या किती किंवा संहितेची पाने किती, मानधन, जाण्या-येण्याचा व जेवणाचा खर्च कोणाचा, वेळ वाढल्यास तासाला किती, आणि काम रद्द झाल्यास काय, एवढ्या गोष्टी व्हॉट्सॲपवर लिहून समोरच्याचा होकार घेतला तरी चालते. रद्द होण्याबाबत माझा आग्रह असा, की ४८ तासांच्या आत रद्द झाल्यास निम्मे आणि ऐन दिवशी रद्द झाल्यास पूर्ण मानधन मागावे. सगळे ते मान्य करणार नाहीत, गावातला ओळखीचा दुकानदार तर हसून सोडून देईल. पण ही अट वाचल्यानंतर कोणीही तारीख धरून ठेवण्याचा फोन सहजगत्या करत नाही, आणि आपल्याला पाहिजे ते तेवढेच असते.

आता दिवसाच्या हिशेबाकडे येऊ. शूट सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा असे असले, तरी ते नऊ तासांचे काम नसते. कॅटलॉगसाठी आदल्या दिवशी ब्लाउज अंगावर घालून पाहावे लागतात, पार्लरचे काम असते, झोप वेळेवर व्हावी लागते. पैठणीचेच उदाहरण घ्या. जरीच्या पदराला खांद्यावर थेट सेफ्टी पिन टोचता येत नाही, कारण जरीचा धागा ओढला जातो. पिनेखाली कापडाची बारीक घडी घेऊन ती हलकेच लावावी लागते. प्रत्येक साडीच्या निऱ्या नव्याने बसवायच्या, पदरावरचे मोर छायाचित्रात सरळ यावेत म्हणून हात एकाच कोनात पसरून उभे राहायचे, दोन साड्यांच्या मध्ये घामाने पसरलेले काजळ टिपायचे, आणि असे दिवसभर करून पंधरा-वीस साड्या झाल्या, की डावा खांदा भरून येतो आणि डोळे दिव्यांनी चुरचुरू लागतात. त्याच चेहऱ्याने रात्री मंचावर टवटवीत दिसण्याची अपेक्षा करणे हा स्वतःवर अन्याय आहे आणि पैसे देणाऱ्यावरही. निवेदनाच्या कामाचे गणित याहून निराळे असते, कारण तिथे आवाज आणि पाठांतर लागते. संगीत समारंभात ध्वनिक्षेपकाशी स्पर्धा करत रात्री अकरापर्यंत बोलल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी व्हिडिओसाठी लागणारा मोकळा आवाज निघत नाही. म्हणून बोलण्याच्या कामाच्या आदली रात्र रिकामी ठेवावी आणि दिसण्याच्या कामानंतरची संध्याकाळ रिकामी ठेवावी. एवढे पथ्य पाळले तरी निम्म्या टकरी टळतात.

एका दिवसात दोन गावे घेण्याबाबत माझे मत कठोर आहे. पैठणहून छत्रपती संभाजीनगर सुमारे ५० आणि तिथून जालना सुमारे ६० किलोमीटर, म्हणजे कागदावर अडीच तास. पण तेवढ्या वेळात मेकअप उतरवणे, कपडे बदलणे, खाणे आणि शहरातली वाहतूक धरलेली नसते. शिवाय शूट वेळेवर संपत नाही आणि प्रमुख पाहुणे वेळेवर येत नाहीत, हे दोन्ही आपल्याकडचे ठरलेले आहे. पहिले काम बंद स्टुडिओत, प्रॉम्प्टरवर (कॅमेऱ्याजवळच्या पडद्यावर सरकणारी संहिता) वाचून करायचे आणि दोन-तीन तासांचे असेल, तरच त्याच दिवशी दुसरे घ्यावे. मुंबईच्या कामाला तर दिवसांचा वेगळा हिशेब लागतो. जालन्याहून डिसेंबर २०२३ मध्ये सुरू झालेली आणि आता नांदेडहून सुटणारी वंदे भारत सोयीची आहे खरी, पण ती दुपारनंतर मुंबईला पोहोचवते. कपड्यांच्या ट्रायलला किंवा लूक टेस्टला, म्हणजे त्या भूमिकेत चेहरा कसा दिसतो हे पाहण्याच्या चाचणीला, ती चालते. सकाळच्या शिफ्टसाठी आदल्या रात्रीची देवगिरी किंवा नंदीग्रामच धरावी लागते, आणि गाडीत काढलेल्या रात्रीचा चेहरा कॅमेऱ्यापासून लपत नाही. म्हणून मुंबईच्या एका दिवसाच्या कामासाठी दिनदर्शिकेत तीन दिवस खोडावेत आणि मानधन सांगताना ते तीनही दिवस डोळ्यांसमोर ठेवावेत.

वर्षाचा अंदाजही एकदा बसून बांधून घ्यावा, कारण आपल्या भागातली गर्दी अचानक येत नाही. दसरा-दिवाळीच्या साड्यांची छायाचित्रे श्रावण-भाद्रपदात घेतली जातात. पितृपक्षात गिऱ्हाईक दुकानात फिरकत नाही, तेव्हा कॅमेरे मात्र जोरात चालू असतात. नेमके त्याच सुमारास सोयाबीन शेंगांवर असते आणि पाठोपाठ कपाशीची बोंडे फुटू लागतात, त्यामुळे बियाणे कंपन्यांना उभ्या पिकात निवेदक हवा असतो. पीक काढणीला आले की ते कोणासाठी थांबत नाही. दुकानदाराला मात्र चार दिवस मागे-पुढे करता येते. म्हणून या दोन महिन्यांत शेतातल्या तारखा आधी घेऊन कॅटलॉग त्यांच्या भोवती बसवावे. त्यातच १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचे कार्यक्रम असतात आणि सूत्रसंचालकांना त्या दिवशी मागणी असते. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई सुरू होते. सर्वांत वाईट काळ चैत्र-वैशाखाचा : खरिपाच्या आधीचे बियाण्यांचे व्हिडिओ, पारा ४० अंशांच्या पुढे, त्यामुळे उघड्यावरचे चित्रीकरण पहाटे, आणि रात्री लग्नाचे समारंभ. पहाटेचे आणि रात्रीचे काम एकाच आठवड्यात मिसळू नये. एक आठवडा शेताचा, एक कार्यालयांचा, असे वाटून घ्यावे. ज्या वर्षी अधिक मास येतो त्या वर्षी तो महिना लग्नांपासून आपोआप मोकळा होतो, तेव्हा पुण्या-मुंबईच्या कामांसाठी आपली उपलब्धता आधीच कळवून ठेवावी.

एक बारीक गोष्ट राहिली. कोणी वेरूळ किंवा अजिंठ्याच्या पार्श्वभूमीवर शूट ठरवत असेल, तर वेरूळची लेणी मंगळवारी आणि अजिंठ्याची सोमवारी बंद असतात, हे तारीख देण्याआधी पाहावे. व्यावसायिक चित्रीकरणासाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची पूर्वपरवानगी लागते. परवानगीचे पत्र पाहिल्याशिवाय तारीख पक्की धरू नये, नाहीतर सगळा लवाजमा दारातूनच परत येतो आणि तुमचा दिवस वाया जातो.

प्रश्न : माझी मुलगी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला मॉडेलिंगची कामे मिळू लागली आहेत. रात्री नऊ-दहाला फोन येतो आणि सकाळी नऊला संभाजीनगरला लूक टेस्टला या म्हणतात. कॉलेज बुडते, परीक्षा तोंडावर असते, आणि नाही म्हटले की ती आमच्यावर रुसते. तिला अडवावे की जाऊ द्यावे, हेच कळत नाही.
— एक आई, अंबाजोगाई

उत्तर : ताई, आपल्याला हे पत्र लिहावेसे वाटले यातच मुलीविषयीची काळजी आणि कौतुक दोन्ही दिसते. तिला अडवू नये असे मला वाटते. रात्रीच्या फोनला मात्र जरूर अडवावे. अंबाजोगाईहून संभाजीनगर गाठायचे म्हणजे एसटीत चार-पाच तास जातात, आणि लूक टेस्टला सहसा मानधन नसते. ज्याचा मोबदला नाही आणि ज्यातून काम मिळेलच असेही नाही, अशा गोष्टीसाठी पहाटे तीनला घरातून निघण्यात अर्थ नाही. आता बहुतेक ठिकाणी पहिली चाचणी मोबाइलवर घेतलेल्या व्हिडिओवरून होते. मुलीने साध्या भिंतीसमोर, दिवसाच्या उजेडात, समोरून आणि दोन्ही बाजूंनी दिसेल असा, नाव, उंची आणि गाव सांगणारा एक व्हिडिओ करून ठेवावा आणि फोन आला की तो पाठवावा. त्यातून निवड झाल्यावर प्रत्यक्ष भेटीसाठी किमान दोन दिवस आधी कळवण्याची अट घालावी. खरोखर काम देणाऱ्याला दोन दिवस जड जात नाहीत.

परीक्षेचे आठवडे तिने सत्राच्या सुरुवातीलाच दिनदर्शिकेत बंद करून टाकावेत आणि नियमित काम देणाऱ्यांना ते आधीच कळवावेत. महिनाभर आधी सांगितलेल्या नकाराचा कोणाला राग येत नाही; ऐन वेळी दिलेला नकार लक्षात राहतो. हजेरी किती कमी पडू शकते, हे महाविद्यालयात विचारून त्याप्रमाणे सत्रातल्या कामांचे दिवस ठरवून घ्यावेत. तो हिशेब आपण न ठेवता तिलाच ठेवू द्यावा, म्हणजे रुसण्याचा प्रश्न उरणार नाही.

दोन गोष्टींत मात्र सवलत देऊ नये. पोर्टफोलिओ (निवडक छायाचित्रांचा संग्रह) आमच्याकडूनच करून घ्या, नोंदणीचे पैसे भरा, मग काम देतो, असे म्हणणारा काम देणारा नसतो. आणि संध्याकाळनंतर संपणाऱ्या शूटला घरापर्यंतच्या वाहनाची किंवा सोबतच्या व्यक्तीसह मुक्कामाची सोय निर्मात्याने लेखी मान्य केली नसेल, तर ती तारीख स्वीकारू नये. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा रोजंदारीवर किंवा करारावर काम करणाऱ्या स्त्रीलाही लागू आहे. दहापेक्षा कमी माणसे असलेल्या आस्थापनेविरुद्ध जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. ही माहिती मुलीला घरातल्याच कोणीतरी आधी दिलेली बरी.

प्रश्न : मी पाच वर्षांपासून कार्यक्रमांचे निवेदन आणि दुकानांच्या जाहिरातींचे व्हिडिओ करते. कामात जेवढा वेळ जातो तेवढाच पैसे मागण्यात जातो. रोज चार-पाच फोन याच कामासाठी करावे लागतात. त्या वेळात आणखी एखादे काम झाले असते.
— एक वाचक, लातूर

उत्तर : वसुलीचे फोन रोज करू नयेत. आठवड्यातला एक अर्धा दिवस, समजा मंगळवारची सकाळ, बिले पाठवणे, आठवण करणे आणि खाते तपासणे याच कामासाठी राखावी आणि त्या वेळेत शूट घेऊ नये. बिल मात्र काम संपले त्याच संध्याकाळी गेले पाहिजे. पंधरा दिवसांनी पाठवलेले बिल समोरच्याला जुनी उधारी वाटते. मानधनाचा काही भाग आगाऊ घेण्याचे वर लिहिलेच आहे.

याशिवाय एक उपाय आहे, जो आपल्या क्षेत्रातले फार थोडे लोक वापरतात. स्वतंत्रपणे सेवा देणाऱ्या व्यक्तीला केंद्र सरकारच्या उद्यम संकेतस्थळावर सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदणी करता येते. ती आधार आणि पॅनच्या आधारे होते आणि विनामूल्य आहे, तेव्हा तिचे पैसे मागणाऱ्या मध्यस्थाच्या नादी लागू नये. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार अशा नोंदणीकृत सेवा पुरवठादाराचे पैसे लेखी करार असल्यास ठरलेल्या मुदतीत, पण जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागू होते आणि याच कायद्याखालच्या सुलभीकरण परिषदेकडे दाद मागता येते. शिवाय मुदतीत न दिलेली रक्कम ग्राहक कंपनीला त्या वर्षीच्या आयकर हिशेबात खर्च म्हणून दाखवता येत नाही, ती प्रत्यक्ष दिल्यावरच दाखवता येते. कंपनीच्या लेखापालाला हे नियम ठाऊक असतात. नोंदणी काम घेण्यापूर्वी झालेली असावी आणि तिचा क्रमांक बिलावर छापलेला असावा. बिलावर तो क्रमांक दिसू लागला की तक्रारीपर्यंत जाण्याची वेळ सहसा येत नाही.

जाता जाता : कंपन्या मानधनातून टीडीएस, म्हणजे तुमच्या नावे भरायचा आयकर, आधीच कापतात. तो तुमच्या पॅनवर जमा झाला की नाही, हे याच मंगळवारी आयकर खात्याच्या संकेतस्थळावर पाहत जावे. सेवांच्या वार्षिक उलाढालीने २० लाखांची मर्यादा ओलांडली तर जीएसटी नोंदणी लागते, त्याबाबत सनदी लेखापालाचा सल्ला घ्यावा.

प्रश्न : मी शेतीविषयक व्हिडिओंत निवेदक म्हणून काम करतो. एका खत कंपनीने दोन दिवसांच्या चित्रीकरणाचे पैसे दिले आणि आता वर्षभर दुसऱ्या कोणत्याही कृषी कंपनीचे काम करायचे नाही, असे फोनवर सांगत आहेत. पुढच्याच महिन्यात एका बियाणे कंपनीच्या तारखा दिल्या आहेत. काय करावे?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : दोन दिवसांच्या मानधनात तुमचे वर्ष मागितले जात आहे. अशी अट चित्रीकरणापूर्वी लिहून ठरलेली नसेल, तर ती नंतर फोनवर लादता येत नाही. तसे सौम्य शब्दांत, लेखी कळवावे आणि बियाणे कंपनीच्या तारखा मोडू नयेत. पुढच्या वेळी कोणी आधीच अशी अट घातली, तर तिला तीन बाजूंनी कुंपण घालावे. पहिले, मनाई नेमक्या उत्पादनापुरती असावी; विद्राव्य खताची जाहिरात केली म्हणून बियाणे, ठिबक आणि ट्रॅक्टर या साऱ्यांवर बंदी कशाला? दुसरे, मुदत एका हंगामाची असावी, कारण खरिपाचा व्हिडिओ रब्बीत कोणी दाखवत नाही. तिसरे, त्या काळात ज्या तारखा बुडतील त्यांचा मोबदला वेगळा मागावा. व्हिडिओ किती महिने आणि कुठे दाखवला जाईल, हेही त्याच मजकुरात यावे, नाहीतर दोन वर्षांनंतरही तुमचा चेहरा त्याच खताच्या पिशवीशेजारी दिसत राहतो आणि दुसरी खत कंपनी बोलावत नाही.

बियाणे कंपनीच्या संहितेत एकरी उत्पादनाचा आकडा किंवा रोग येणारच नाही असे विधान असेल, तर त्याचा आधार चित्रीकरणाच्या आधी लेखी मागावा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार फसव्या जाहिरातीत उत्पादनाची शिफारस करणाऱ्यालाही १० लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो आणि एक वर्षापर्यंत कोणत्याही उत्पादनाची शिफारस करण्यास मनाई केली जाऊ शकते. दाव्याची खातरजमा केल्याचे दाखवता आले, तर त्यातून सुटका आहे. आधार मिळाला नाही तर ते वाक्य संहितेतून काढायला सांगावे. काढत नसतील, तर दिलेली तारीख परत घेतलेली चालेल.